कर्ज एजंटाच्या भिंतीवरची सर्टिफिकिटं आणि खरा जबाबदार

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. धायरीच्या एक ताई आणि त्यांचे यजमान पुनावळ्याला फ्लॅट घेतायत. ३८ लाखांचं गृहकर्ज हवंय. साइट ऑफिसात टेबल टाकून बसणाऱ्या एका एजंटाने ‘फाइल माझ्यावर सोडा’ म्हणून एक टक्का मागितला, म्हणजे ३८ हजार. त्यातले १२ हजार यूपीआयने घेतलेसुद्धा. दीड महिना झाला, मंजुरी नाही. उलट चार ठिकाणी फाइल फिरवल्यामुळे सिबिल स्कोअर घसरला. शिवाय ‘तारण कमी पडलं तर असू द्या’ म्हणून सासऱ्यांच्या धायरीच्या फ्लॅटचा मूळ करारनामाही त्याने ठेवून घेतलाय. जाब विचारला की तो भिंतीकडे बोट दाखवतो: आम्ही गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहोत. ताईंना विचारायचंय की या धंद्यावर सरकारचं नियंत्रण आहे की नाही, आणि असेल तर दाद कुठे मागायची.

मी पुण्यात बावीस वर्षं हेच काम करतोय. लक्ष्मी रोडवरच्या दुकानदारांना गळ्यात टाय बांधून पर्सनल लोनची पत्रकं वाटण्यापासून सुरुवात केली. पुढे दोन-तीन बँकांचा कोड घेतला, म्हणजे त्यांचा नेमलेला एजंट झालो. आता फाइली लॉगिन करणं, म्हणजे बँकेत दाखल करणं, कमी आणि लोकांच्या अडकलेल्या फाइली सोडवणं जास्त, असं चाललंय. त्यामुळे खालचं थोडं आमच्याच जमातीविरुद्ध जाईल. जाऊ दे.

भारतात कर्ज मिळवून देणाऱ्या दलालाला परवाना लागत नाही. शेअर दलालाला सेबीकडे नोंदणी करावी लागते. विमा एजंटाला परीक्षा द्यावी लागते. म्युच्युअल फंड विकणाऱ्याला परीक्षा देऊन ॲम्फीचा, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेचा, एआरएन क्रमांक घ्यावा लागतो, मग तो पाचशे रुपयांची एसआयपी का विकत असेना. आणि वीस वर्षं हप्ता फेडायला लावणारं ३८ लाखांचं कर्ज मात्र उद्यापासून कोणीही मिळवून देऊ शकतो. रिझर्व्ह बँक त्याची स्वतंत्र नोंदणी करत नाही, राज्य सरकारही करत नाही.

मग त्या भिंतीवर काय टांगलंय? मी न बघता सांगतो, कारण अशा भिंती मी शंभर पाहिल्यात. एक शॉप ॲक्ट, म्हणजे दुकान-ऑफिसची नोंद. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार थोडीच माणसं कामाला असतील तर ती नुसती सूचना असते, सरकारने काही तपासून दिलेलं नसतं. दुसरं उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी. १ जुलै २०२० पासून स्वतःच माहिती भरून दहा मिनिटांत ते निघतं. तिसरा जीएसटी क्रमांक, म्हणजे तो कर भरायला बांधील आहे एवढंच. आणि चौथं, ज्याला लोक हमखास फसतात, महारेराचं, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाचं, एजंट प्रमाणपत्र. हे खरं असतं आणि मिळवायला परीक्षाही द्यावी लागते, पण ते घर विकण्याच्या दलालीचं आहे. त्याचा कर्जाशी संबंध नाही. रिक्षाचा बॅज दाखवून विमान चालवतो म्हणण्यासारखं आहे ते. चारही कागद खरे, आणि चारही तुमच्या कामाला निरुपयोगी.

म्हणून नियंत्रण नाहीच, असं मात्र समजू नका. ते आहे, फक्त एजंटाच्या गळ्यात न बांधता बँकेच्या गळ्यात बांधलंय. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००६ मध्ये बँकांना आउटसोर्सिंगचे नियम घालून दिले, २०१७ मध्ये तसेच बिगरबँक वित्त कंपन्यांना. त्यांचा गाभा असा: काम बाहेरच्याला दिलं तरी जबाबदारी बाहेर देता येत नाही. बँकेने नेमलेला डीएसए (डायरेक्ट सेलिंग एजंट, म्हणजे बँकेसाठी गिऱ्हाईक आणणारा) जे बोलला, त्याने जे कागद घेतले, त्याला बँक उत्तरदायी. आणि त्यातली आणखी एक गोष्ट पाठ करून ठेवा. कर्ज मंजूर करण्याचा निर्णय बँकेला बाहेर देताच येत नाही. तेव्हा ‘सँक्शन आपल्या हातात आहे, साहेब आपलाच आहे’ असं म्हणणारा एकतर थाप मारतोय किंवा नियमबाह्य गोष्टीची कबुली देतोय.

बँकांच्या संघटनेने डीएसएसाठी आचारसंहिताही करून दिलीय. साधारण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात याच वेळात फोन करायचा, बँकेच्या वतीने खोटं आश्वासन द्यायचं नाही, ग्राहकाकडून भेट किंवा लाच घ्यायची नाही. मला पहिल्या कामावर लागताना तिच्यावर सही करायला लावली होती. वाचली कधी विचाराल तर नऊ वर्षांनी, एका तक्रारीला उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा.

आता खरी मेख. ही सगळी साखळी बँक आणि तिचा नेमलेला डीएसए यांच्यात आहे. पण साइट ऑफिसात बसलेला माणूस बहुतेक वेळा डीएसए नसतोच. तो कनेक्टर असतो. म्हणजे तो गिऱ्हाईक पकडतो, कोड असलेल्या डीएसएकडे फाइल देतो आणि पेआउटमधला, म्हणजे बँकेने दिलेल्या दलालीतला, वाटा घेतो. कधी मध्ये आणखी एक सब-डीएसए असतो. बँकेला या माणसाचं नावही माहीत नसतं. नियमाची दोरी तिथपर्यंत पोचता पोचता इतकी सैल होते की त्याने काय वचन दिलं ते कुठल्याच कागदावर उरत नाही.

पैशाचा हिशोब मांडला की चित्र स्पष्ट होतं. गृहकर्जावर बँक डीएसएला साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास देते, बँकेगणिक कमीजास्त. तुमच्या ३८ लाखांवर हे १९ हजार झाले. हे पैसे बँक देते, कर्ज वाटप झाल्यावर देते. म्हणजे तुमच्याकडून काही घ्यायची गरजच नसते. जो तुमच्याकडून वेगळा टक्का घेतो, तो दोन्हीकडून खातोय किंवा त्याच्याकडे कोडच नाही. वैयक्तिक कर्जावर पेआउटचा टक्का यापेक्षा बराच जास्त असतो. ‘इंटिरियरसाठी वर एक पर्सनल लोन करून टाकू’ हा सल्ला कुठून येतो ते त्यावरून कळेल. कर्जाच्या विम्याचंही तसंच. एकरकमी हप्ता कर्जात मिसळून टाकतात आणि ‘बँकेला कंपल्सरी आहे’ म्हणतात. बंधनकारक नाही. विमा असावा असं माझंही मत आहे, पण तो कोणाचा, केवढ्याचा, हे तुम्ही ठरवायचं.

एजंटाने मागितलेल्या अशा वेगळ्या टक्क्यावर सगळ्यात चांगला इलाज गेल्या काही वर्षांत आलाय. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सगळ्या किरकोळ कर्जांना आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना ते लागू आहे. आम्ही त्याला केएफएस म्हणतो. व्याजदर, सगळी शुल्कं, आणि ती धरून येणारा वार्षिक खर्चाचा टक्का, सगळं एका कागदावर. तुम्हाला समजेल त्या भाषेत समजावून दिलं पाहिजे, म्हणजे मराठीत मागायला लाजू नका. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला हा कागद किमान तीन कामाचे दिवस वैध राहतो, घरी नेऊन शांतपणे वाचता यावा म्हणून. आणि त्यात न लिहिलेलं कुठलंही शुल्क पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. बँकेने वकील, मूल्यांकनकार अशा तिसऱ्या कुणासाठी पैसे घेतले तरी तेही त्यात यायला हवेत आणि पावती मिळायला हवी. तुमच्या एजंटाचे ३८ हजार त्या कागदावर कधीच येणार नाहीत. एवढ्याने ते काय आहेत हे कळतं.

‘त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा’ असं म्हणाला असेल तर त्याच्याकडे करपावती मागा. बँकेला सेवा देणारा डीएसए एकटी व्यक्ती असेल तर जुलै २०१८ पासून त्या दलालीवरचा जीएसटी बँकच उलट आकारणीने भरते. तुमच्याकडून घेतलेल्या रकमेवर मात्र पावती त्याने स्वतः द्यायला हवी. पावती मागितली की जीएसटीचा विषय मिटतो, असा माझा अनुभव आहे.

आता चार चौकश्यांचं. बँक तुमचा पतमाहितीचा रिपोर्ट काढते तेव्हा त्या चौकशीची नोंद राहते. महिन्याभरात चार नोंदी दिसल्या की पाचव्या बँकेला वाटतं, हा माणूस चार ठिकाणी नाकारलेला आहे. खरं तर एजंटाने चारही ठिकाणी एकाच दिवशी लॉगिन केलेलं असतं, जिथे आधी होईल तिथलं पेआउट घ्यायला. यात तुमची सही गेली असणार, कोऱ्या अर्जावर केलेली. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा. ज्या संस्थेला तुम्ही अर्जच केला नव्हता तिची चौकशी दिसली तर त्या कंपनीकडे वाद नोंदवा. तीस दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलाय. घसरलेला स्कोअर मात्र लगेच वर येत नाही. काही महिने नवीन अर्ज न करता हप्ते वेळेवर भरत राहिलं की येतो. तोवर बिल्डरकडून मुदत वाढवून घ्या, लेखी.

मोबाइल ॲपवरच्या दलालीची स्थिती तुलनेने बरी आहे, आणि ही गंमतच म्हणायची, कारण पाच-सहा वर्षांपूर्वी सगळ्यात वाईट प्रकार तिथेच घडत होते. कॉन्टॅक्ट लिस्ट उचलून नातेवाइकांना धमक्या वगैरे. त्यावर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये कार्यगट नेमला, सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या आणि ८ मे २०२५ ला सगळं एकत्र करून डिजिटल कर्जाचे निर्देश निघाले. कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात, मधल्याच्या खात्यातून नाही. मधल्याची फी कर्ज देणाऱ्याने द्यायची, कर्जदाराकडून घ्यायची नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून अनेक बँकांचं कर्ज दाखवणाऱ्या ॲपने जुळणारे सगळे प्रस्ताव दाखवायचे, तेही ज्यात जास्त पेआउट तोच ठळक करून नाही. म्हणजे ॲपवाल्या दलालाला ‘ग्राहकाकडून घेऊ नको’ असं लेखी सांगितलंय, पण पुनावळ्याच्या साइट ऑफिसातल्या खुर्चीला ते तितक्या सरळ शब्दांत सांगितलेलं नाही. माझी रिझर्व्ह बँकेबद्दल एकच तक्रार आहे, ती ही.

खासगी सावकार हा आणखी वेगळा प्रांत. तिथे परवाना आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ खाली तो सहकार खात्याकडून मिळतो, आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमचा एजंट ‘बँक नाही झाली तर माझ्या ओळखीत एक पार्टी आहे, कागद ठेवून देते’ असं म्हणाला तर तुम्ही गृहकर्जाच्या रस्त्यावरून या रस्त्यावर वळताय हे ओळखा. करारनामा त्याच्या कपाटात असण्याचं मला म्हणूनच भय वाटतं.

मग परवाना का नसावा, हा ताईंचा शेवटचा मुद्दा. मलाही पूर्वी वाटायचं, एक परवाना आला की घाण निघून जाईल. पश्चिम ऑस्ट्रेलियाची गोष्ट वाचल्यावर तो उत्साह कमी झाला. तिथे १९७५ पासून वित्त दलालांसाठी स्वतंत्र कायदा होता, परवाना होता, देखरेखीला मंडळही होतं. तरी १९९० च्या दशकात परवानाधारक दलालांनी निवृत्त लोकांची पुंजी घेऊन ती विकासकांना तारणकर्ज म्हणून वाटली. तारणाच्या जागांच्या किमती फुगवलेल्या होत्या. पैसे बुडाले, म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची बचत गेली आणि २००१ मध्ये शाही चौकशी आयोग बसला. मंडळाकडे तक्रारी जात होत्या, मंडळ हलत नव्हतं. लोकांनी मात्र परवाना बघून पैसे दिले होते. पुढे ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये देशभरासाठी एक कायदा केला, आणि १ जानेवारी २०२१ पासून गृहकर्ज दलालावर ग्राहकाचं हित आधी बघण्याचं कायदेशीर बंधन आलं. म्हणजे परवान्यापासून या बंधनापर्यंत पोचायला त्यांना पंचेचाळीस वर्षं लागली.

आपल्याकडे नुसता परवाना आणला तर तो त्याच भिंतीवर पाचवा कागद म्हणून टांगला जाईल, गणपतीच्या फोटोशेजारी. मला हवंय ते वेगळं आणि स्वस्तातलं आहे. म्युच्युअल फंडासारखा प्रत्येक माणसाला एक क्रमांक, मग तो डीएसए असो, सब-डीएसए की कनेक्टर. तो क्रमांक कर्जाच्या अर्जावर आणि केएफएसवर छापलेला, आणि त्याला बँकेकडून किती मिळणार तो आकडाही तिथेच. एवढं झालं की ३८ लाख घेणारा माणूस स्वतःच विचारेल, ‘तुम्हाला १९ हजार मिळतायत, मग माझ्याकडून कशाचे घेताय?’ आमच्यातल्या कित्येकांना हे आवडणार नाही. अनियंत्रित कर्जव्यवहारांवर बंदी आणणाऱ्या कायद्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये लोकांपुढे ठेवला होता, पण त्याचा रोख बेकायदा कर्ज देणाऱ्यांवर आहे, मधल्या माणसावर नाही.

आता काय करायचं ते. करारनामा परत मिळवल्यावर (ते कसं, हे शेवटी सांगतो) एजंटाला व्हॉट्सॲपवर साधा प्रश्न टाका: तुमचा कोणत्या बँकेशी करार आहे आणि डीएसए कोड काय. फोनवर नको, लेखीच. उत्तर आलं तर त्या बँकेच्या शाखेत जाऊन ताडून पाहा. बऱ्याच बँका आपल्या डीएसएंची यादी संकेतस्थळावर ठेवतात. तो खरा निघाला तर तक्रार बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा, एजंटाविरुद्ध नव्हे तर बँकेविरुद्ध: तुमच्या प्रतिनिधीने माझ्याकडून असे पैसे घेतले आणि संमतीशिवाय इतर संस्थांकडे फाइल दिली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर जा. फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते, आणि हीच चूक सर्रास होते. चारपैकी एखादी संस्था गृहवित्त कंपनी असेल तर तिची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे, ग्रिड्स नावाच्या पोर्टलवर. पतसंस्था असेल तर रिझर्व्ह बँकेचा संबंधच नाही, तिथे सहकार खातं. पुण्यात निदान एवढी सोय आहे की सहकार आयुक्तांचं कार्यालय इथेच आहे.

कोड नाहीच असं निघालं तर हे दरवाजे बंद. पण तुम्ही १२ हजार यूपीआयने दिलेत, रोख नाही, हे फार बरं झालं. पैसे घेऊन सेवा देण्याचं कबूल केलं की तुम्ही त्याचे ग्राहक झालात. पुणे जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला दाखल करायची फी नाही. आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त माणसं नोटिशीलाच पैसे परत करतात, कारण साइट ऑफिसातली खुर्ची जायची भीती असते. बिल्डरच्या सेल्स हेडला त्या नोटिशीची प्रत लावा. उरलेले २६ हजार अर्थातच देऊ नका.

करारनाम्याचं मात्र आजच, वरचं काही करण्याआधी. मूळ कागद मंजुरीनंतर आणि फक्त बँकेकडे जातात, बँक त्याची सहीशिक्क्याची यादी देते. एजंटाने ते ठेवायला कसलाही आधार नाही. सासऱ्यांना सोबत घेऊन जा, भांडू नका, ‘सोसायटीत दाखवायचाय’ म्हणा आणि घेऊन या. तिथेच पानं मोजा. इंडेक्स टू आणि नोंदणीची पावती त्याच फाइलमध्ये असेल तर तीही घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच्या हातात सासऱ्यांची सही केलेले कोरे कागद किंवा मुद्रांक असतील तर तेही अर्जात स्पष्ट लिहा, किती आणि कोणत्या तारखेला दिले ते. कागद घरी आल्यावर मगच ते पहिलं व्हॉट्सॲप टाका.